बँक होल्डिंग कंपनीचं फ्री कॅश फ्लो मार्जिन : अ‍ॅपवरचा आकडा नेमका काय मोजतो?

ताळेबंद

आमच्या पार्ल्याच्या अभ्यासगटात सध्या बँकांचे शेअर चर्चेला आहेत. गटातले बरेच जण एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून) अमेरिकेतले शेअरही घेऊ लागलेत, आणि तिथल्या रिजनल बँकांकडे, म्हणजे काही थोड्या राज्यांत पसरलेल्या मधल्या आकाराच्या बँकांकडे, त्यांचा ओढा आहे. हे शेअर थेट बँकेचे नसतात. बँकेची मालकी ज्या होल्डिंग कंपनीकडे असते, तिचे असतात.

शेअर निवडताना अ‍ॅपवर एक चाळणी लावली जाते : फ्री कॅश फ्लो मार्जिन वीस टक्क्यांच्या वर. या चाळणीतून अमेरिकन बँक होल्डिंग कंपन्या आरामात पार होतात. आपल्याकडच्या उत्तम चालणाऱ्या खासगी बँका मात्र गळून पडतात, कारण त्यांचा आकडा एका वर्षी भलामोठा अधिक तर पुढच्या वर्षी तितकाच मोठा उणे. यावरून 'तिकडच्या बँका रोकड कमावतात, आपल्या बँका रोकड जाळतात' असं ठरवून लोक पैसे लावतायत. त्यात निवृत्तीचे पैसे लावणारेही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

व्याख्या सगळ्यांना माहीत आहे. कामकाजातून आलेली रोकड, त्यातून भांडवली खर्च वजा, म्हणजे फ्री कॅश फ्लो. त्याला महसुलाने भागलं की मार्जिन. रंग बनवणाऱ्या कंपनीला हे चोख लागू पडतं. माल घेतला, पगार दिले, कर भरला, कारखाना राखला, उरलं ते मालकाचं. बँकेत पैसा हाच माल असतो. एखाद्या ठेवीदाराने एक कोटीची एफडी केली तर बँकेत एक कोटी रोकड आली, पण ती कमाई झाली का? बँकेने एक कोटीचं गृहकर्ज दिलं तर तो खर्च झाला का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. पण रोकड प्रवाह पत्रकात या रकमा कुठेतरी मांडाव्याच लागतात, आणि कुठे मांडायच्या याबाबत दोन देशांचे नियम वेगळे आहेत.

आपल्या बँकांना अजून जुनी लेखामानकं लागू आहेत. इंड-एएस ही नवी मानकं बँकांपुरती रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये पुढच्या सूचनेपर्यंत लांबणीवर टाकली. त्यामुळे पत्रक बनतं एएस ३ या जुन्या मानकाप्रमाणे, आणि त्यात ठेवींची वाढ आणि कर्जांची वाढ दोन्ही कामकाजात येतात. अमेरिकेत ठेवींची वाढ वित्तपुरवठ्याच्या भागात जाते, आणि स्वतःकडे ठेवण्यासाठी दिलेली कर्जं गुंतवणुकीच्या भागात. कामकाजात उरतं काय? जवळपास नफा, अधिक तरतुदी (बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी बाजूला धरलेली रक्कम), अधिक घसारा.

एक काल्पनिक बँक घेऊ. व्याज मिळालं १,३०० कोटी, व्याज दिलं ७८० कोटी, म्हणजे निव्वळ व्याज उत्पन्न ५२० कोटी. इतर उत्पन्न १३० कोटी. निव्वळ महसूल ६५०. खर्च ३२५, तरतुदी ६५, कर ६५, नफा १९५ कोटी. घसारा २०, भांडवली खर्च ३०. वर्षभरात ठेवी १,४०० कोटींनी वाढल्या, कर्जं १,७०० कोटींनी, सरकारी रोख्यांतली गुंतवणूक ३०० कोटींनी. जादा लागलेले पैसे कर्जाऊ आणले.

अमेरिकन मांडणीत : १९५ अधिक ६५ अधिक २०, म्हणजे २८०. भांडवली खर्च वजा जाता २५०. मार्जिन ३८ टक्के.

आपल्या मांडणीत : २८० अधिक १,४०० वजा १,७०० वजा ३००, म्हणजे उणे ३२०. भांडवली खर्च धरून उणे ३५०. मार्जिन उणे ५४ टक्के.

बँक तीच, ग्राहक तेच, नफा तोच. आता कर्जं १,७०० ऐवजी १,२०० कोटींनी वाढली असं धरा. आपल्या मांडणीतला आकडा उणे ५४ वरून थेट अधिक २३ वर जातो. अमेरिकन मांडणीतला ३८ जागचा हलत नाही. चाळणी लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

माझं म्हणणं असं : बँकेच्या बाबतीत हे मार्जिन पाहणं सोडून द्यावं, आणि 'ठेवीदाराला धक्का न लावता या बँकेतून वर्षाला किती पैसे बाहेर काढता येतील' हा प्रश्न विचारावा. त्याचं गणित पुढे मांडते. आधी इथल्या जाणकारांनी वरचं तपासून सांगावं.

जुना_लेजर

ताई, मांडणी बरोबर आहे. मी शाखेत आणि नंतर हेड ऑफिसला अकाउंट्समध्ये नोकरी केली, त्या अनुभवावरून एक भर घालतो.

आपल्याकडच्या आकड्यात मार्च एंडिंगचा भाग फार मोठा असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक शाखेला ठेवींचं टार्गेट असतं. मोठ्या संस्थांना, कंपन्यांना गाठून 'दोन-चार दिवस पैसे ठेवा' म्हणून विनवण्या होतात. ३१ तारखेला ठेवी फुगतात, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यातल्या बऱ्याच निघून जातात. ताळेबंद ३१ मार्चचा असल्यामुळे ही रक्कम एएस ३ च्या पत्रकात 'कामकाजातून आलेली रोकड' म्हणून दिमाखात बसते. म्हणजे ज्या वर्षी हा आकडा चांगला दिसतो त्या वर्षी बँकेने काय केलं? कदाचित फक्त शेवटच्या दोन दिवसांत धावपळ केली.

म्हणून मी नेहमी सांगतो, वर्षअखेरच्या ठेवींपेक्षा सरासरी ठेवी पाहा. बऱ्याच बँका तिमाही निकालांच्या सादरीकरणात सरासरी कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी) वेगळा देतात. वर्षअखेरचा कासा आणि सरासरी कासा यांत मोठं अंतर दिसलं की समजायचं.

कल्याणलोकल

ताळेबंदताई, लेख दोनदा वाचला, आता डोक्यात शिरतंय. एक विचारतो. आपल्या बँकांचा आकडा निरुपयोगी हे पटलं. पण मग अमेरिकन मांडणी जास्त प्रामाणिक नाही का? ठेवी आणि कर्जं बाजूला काढली, उरले २५० कोटी. ते तरी मालकाचे समजायला काय हरकत?

सीए_गोरेगाव

हरकत आहे, आणि मोठी आहे. मी बँकांचं ऑडिट करतो म्हणून यावर थोडं लांब लिहितो.

अमेरिकन मांडणीत तरतूद नफ्यात परत मिळवली जाते, कारण तरतूद करताना रोकड बाहेर जात नाही. इथवर ठीक. पण ते कर्ज पुढे खरंच बुडलं तर? कर्ज दिलं तेव्हा रोकड गुंतवणुकीच्या भागातून बाहेर गेली होती. बुडालं म्हणजे ती त्याच भागात परत येत नाही, इतकंच. कामकाजाच्या भागाला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणजे बँकेचं कितीही कर्ज बुडालं तरी बुडालेल्या मुदलाची झळ या मार्जिनमध्ये दिसत नाही. ज्या धंद्यात सगळी जोखीम कर्ज परत येण्याची आहे, त्या धंद्याचं मोजमाप कर्जबुडीला आंधळं असेल तर ते कशासाठी वापरायचं?

ताईंच्या उदाहरणात तरतुदी ६५ ऐवजी २६० कोटी झाल्या असं धरा. करपूर्व नफा २६० वरून ६५ वर येईल. कर साधारण १६ वजा जाता नफा ४९. कामकाजातली रोकड : ४९ अधिक २६० अधिक २०, म्हणजे ३२९. भांडवली खर्च वजा जाता २९९. मार्जिन ४६ टक्के! नफा पाऊण भागाने घसरला आणि फ्री कॅश फ्लो मार्जिन ३८ वरून ४६ वर चढलं, कारण कर कमी भरला. (प्रत्यक्षात तरतुदींवरची करसवलत बरेचदा नंतर मिळते, त्यामुळे चढ इतका साफ दिसणार नाही. पण मुद्दा तोच, नफा पडला तरी मार्जिन पडत नाही.)

दुसरी गोष्ट. काही रिजनल बँका गृहकर्जं विकण्यासाठीच देतात. 'विक्रीसाठी धरलेली' ही कर्जं अमेरिकेतही कामकाजाच्या भागात येतात. वर्षअखेरीला गोदामात कर्जं पडून असली तर आकडा खाली, पुढच्या तिमाहीत विकली गेली की वर. २०२० मध्ये व्याजदर तळाला गेले, तेव्हा तिथे गृहकर्जं बदलून घेण्याची लाट होती. त्या काळातले अशा बँकांचे आकडे काढून पाहा, दोन वर्षांची तुलना करता येत नाही.

आणि भाजक. महसूल म्हणजे काय धरलंय? ताईंनी निव्वळ महसूल ६५० धरला. काही अ‍ॅप्स मिळालेलं एकूण व्याज अधिक इतर उत्पन्न धरतात, म्हणजे १,४३०. तेच २५० कोटी आता साडेसतरा टक्के होतात आणि बँक वीस टक्क्यांच्या चाळणीतून पडते. अमेरिकेत मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेले. मिळणारं व्याज फुगलं, द्यायचं व्याजही फुगलं, मधला फरक फारसा न बदलता भाजक मात्र कितीतरी मोठा झाला. एकूण महसूल धरणाऱ्या अ‍ॅपवर त्या काळात बहुतेक बँका 'बिघडलेल्या' दिसल्या असतील.

गुंतवणूकवेडी

सीएसाहेब, नफा घसरून मार्जिन वाढण्याचं उदाहरण मी जपून ठेवतेय. कोणी चाळणी दाखवली की हेच दाखवणार.

आपल्याकडच्या पत्रकाबद्दल एक शंका. दोन खासगी बँकांचे वार्षिक अहवाल शेजारी ठेवून पाहिले, तर एकीने मुदतीपर्यंत ठेवायचे रोखे गुंतवणुकीच्या भागात दाखवलेत आणि दुसरीने सगळे रोखे कामकाजात. हे चालतं का?

सीए_गोरेगाव

चालतं. दोन्ही पद्धती रूढ आहेत. म्हणून अमेरिका आणि भारत सोडाच, आपल्याच दोन बँकांत ही तुलना टिकत नाही. बँकेचं वाचन वार्षिक अहवालातल्या अनुसूचींवरून करावं : ठेवी अनुसूची ३, गुंतवणूक ८, कर्जं ९, मिळालेलं व्याज १३, दिलेलं व्याज १५. संभाव्य देणी १२ मध्ये असतात, तीही चाळावीत. रोकड प्रवाह पत्रक शेवटी पाहिलं तरी चालेल.

ठेवीदार_दादर

मला शेअरमधलं काही कळत नाही, मी फक्त ठेवी ठेवते. पण धागा सगळा वाचला, कारण पीएमसी बँकेच्या वेळी आमच्या ओळखीतल्या किती घरांची झोप उडाली ते पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. माझा प्रश्न साधा आहे. ज्याला तुम्ही 'मालकासाठी मोकळे पैसे' म्हणता, त्यात आमच्या ठेवी मोजल्या जातात हे बरोबर आहे का? आणि सहकारी बँकेला हे सगळं लावता येतं का?

जुना_लेजर

काकू, तुमचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बरोबर नाही. ठेव हे बँकेवरचं कर्ज आहे, मागाल तेव्हा परत करायचं. ती आली म्हणून मालकाचं काही वाढत नाही. ताळेबंदताईंचा सगळा आग्रह तोच आहे.

सहकारी बँकेला होल्डिंग कंपनी नसते. सभासदाचा भाग दर्शनी किमतीलाच परत मिळतो, बाजारभाव नसतो. त्यामुळे शेअरचं मूल्य काढण्याचा प्रश्न येत नाही. तुम्ही पाहायचं ते वेगळं : भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल किती), निव्वळ एनपीए (तरतुदी वजा जाता उरलेली थकीत कर्जं), आणि एकाच कर्जदारावर किंवा एकाच समूहावर किती कर्ज अडकलंय. पीएमसीमध्ये एका बांधकाम समूहाची कर्जं लपवली होती, असं चौकशीत पुढे आलं. आकडेच लपवले असतील तर कुठलंही गुणोत्तर कामाचं नाही. म्हणून ठेवी वाटून ठेवा. विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत आहे, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून वाढली. दोन शाखांत ठेवलं म्हणून दहा लाख होत नाहीत, दोन बँका लागतात.

परळ_ते_न्यूजर्सी

नमस्कार. लहानपण परळला गेलं, गेली बरीच वर्षं इथे एका बँकेच्या ट्रेझरी विभागात आहे. धाग्याच्या नावात होल्डिंग कंपनी आहे, पण अजून सगळी चर्चा बँकेचीच झाली. खरी गंमत होल्डिंग कंपनीत आहे, कारण तिथे रोकड प्रवाहाला पुन्हा अर्थ येतो.

अमेरिकेत १९५६ च्या बँक होल्डिंग कंपनी कायद्याखाली या कंपन्या फेडरल रिझर्व्हच्या देखरेखीत असतात. तुम्ही शेअर घेता तो या वरच्या कंपनीचा. तिच्याकडे स्वतःच्या ठेवी नसतात. तिची आवक म्हणजे प्रामुख्याने खालच्या बँकेकडून येणारा लाभांश. तिची जावक म्हणजे तिने स्वतः काढलेल्या रोख्यांवरचं व्याज, थोडा कार्यालयीन खर्च, भागधारकांना लाभांश आणि बायबॅक, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेणं. इथे ठेवींचा गोंधळ नाही, कर्जवाटपाचा नाही.

हे आकडे मिळतात. टेन-के या वार्षिक अहवालात टिपांच्या शेवटी शेवटी 'फक्त पालक कंपनी' असं छोटं पत्रक असतं : ताळेबंद, नफातोटा आणि रोकड प्रवाह. ज्यांची एकत्रित मालमत्ता ३ अब्ज डॉलर किंवा जास्त, त्या कंपन्या फेडकडे वाय-९एलपी नावाचा फॉर्म दर तिमाहीला भरतात, तोही सार्वजनिक असतो. अ‍ॅपवाले मात्र सगळं एकत्र केलेलं पत्रक घेतात, आणि पालक कंपनीला बँकेकडून मिळालेला लाभांश तिथे घरातल्या घरातला व्यवहार म्हणून पुसला जातो. म्हणजे भागधारकाला ज्या एका प्रवाहाशी देणंघेणं आहे, तो अ‍ॅपमध्ये दिसतच नाही.

आणि खालची बँक हवा तेवढा लाभांश वर पाठवू शकत नाही. नॅशनल बँकेला, म्हणजे केंद्रीय परवाना असलेल्या बँकेला, चालू वर्षाचा नफा आणि मागच्या दोन वर्षांचा राखलेला नफा यापलीकडे द्यायचं असेल तर आधी नियामकाची परवानगी लागते. उलट बाजूने, बँक अडचणीत आली तर होल्डिंग कंपनीने पैसे ओतायचे, ही अपेक्षा कायद्यातच आहे. पैसा वर चढताना फाटक आहे, खाली उतरताना नाही.

कल्याणलोकल

दादा, मग होल्डिंग कंपनीने रोखे काढून तेच पैसे बँकेत भांडवल म्हणून घातले तर? बँकेचं भांडवल तर छान दिसेल.

परळ_ते_न्यूजर्सी

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. याला डबल लिव्हरेज म्हणतात. पालक कंपनीची उपकंपन्यांतली गुंतवणूक भागिले पालक कंपनीचं स्वतःचं भांडवल. १०० टक्क्यांच्या वर गेलं म्हणजे तेवढं कर्ज खाली भांडवल बनून बसलंय. १०५ असेल तर मला चिंता वाटत नाही. १२५ असेल तर मी आधी पालक कंपनीच्या हातात किती रोकड आहे ते बघतो, आणि खालून लाभांश बंद पडला तर व्याज आणि भागधारकांचा लाभांश किती काळ भागेल ते मोजतो. ३ अब्ज डॉलरच्या आतल्या छोट्या होल्डिंग कंपन्यांना फेडच्या धोरणात एकत्रित भांडवलाच्या नियमांतून सूट आहे. तिथे हे प्रमाण विशेष बघावं. स्वस्त मिळतात म्हणून आपले लोक नेमके त्याच आकारात शिरतात.

एसव्हीबीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. एसव्हीबी फायनान्शिअल ग्रुप ही होल्डिंग कंपनी, सिलिकॉन व्हॅली बँक तिची बँक. २०२२ साली भागधारकांसाठीचा नफा सुमारे दीड अब्ज डॉलर होता. कागदावर सगळं फायद्यात. पण मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवरचा न दाखवलेला तोटा वर्षअखेरीला सुमारे १५ अब्ज डॉलर होता, म्हणजे जवळपास सगळं भांडवल खाऊन टाकणारा. ८ मार्च २०२३ ला त्यांनी २१ अब्जांचे रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला. ९ तारखेला एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी बाहेर गेल्या. १० तारखेला बँक बंद. १७ तारखेला होल्डिंग कंपनी दिवाळखोरीत. त्या पालक कंपनीचे स्वतःचे सुमारे दोन अब्ज डॉलर ठेव म्हणून त्याच बँकेत होते, आणि त्यावरून पुढे तिथल्या ठेव विमा महामंडळाशी कोर्टात वाद झाला. पालक कंपनीची रोकड नेमकी कुठे ठेवली आहे, हेसुद्धा तेव्हापासून मी पाहतो.

ताळेबंद

ही माहिती मला स्वतःला हवी होती, मनापासून आभार. आता कबूल केलेलं गणित मांडते.

बँकेला मालकाकडे पैसे सोडायचे असतील तर नफा असून भागत नाही. कर्जं वाढली की जोखीम-भारित मालमत्ता (जोखमीनुसार कमीजास्त वजन देऊन मोजलेली कर्जं आणि गुंतवणूक) वाढते आणि तिच्या प्रमाणात भांडवल राखावं लागतं. तेवढा नफा बँकेतच अडकतो. म्हणून : नफा वजा (जोखीम-भारित मालमत्तेतली वाढ गुणिले बँकेने ठरवलेलं सीईटी१ प्रमाण, म्हणजे त्या मालमत्तेशी भागधारकांच्या मूळ भांडवलाचं प्रमाण). उरतं ते खरं मोकळं. बँकेसाठी भांडवली खर्च म्हणजे एटीएम आणि सॉफ्टवेअर नव्हे. तिचा भांडवली खर्च म्हणजे हे राखलेलं भांडवल.

आपल्याच बँकेची जोखीम-भारित मालमत्ता १०,००० कोटी, सीईटी१ १३ टक्के, म्हणजे १,३०० कोटी भांडवल. नफा १९५, म्हणजे आरओई (भांडवलावरचा परतावा) १५ टक्के. जोखीम-भारित मालमत्ता १० टक्क्यांनी वाढली तर १३० कोटी भांडवल लागलं, ६५ कोटी मोकळे. निव्वळ महसुलाच्या १० टक्के. १५ टक्क्यांनी वाढली तर १९५ लागले, उरलं शून्य. २२ टक्क्यांनी वाढली तर २८६ लागले, म्हणजे ९१ कोटी कमी पडले. ते क्यूआयपी करून, म्हणजे मोठ्या संस्थांना नवे शेअर विकून, नवीन भागधारकांकडून आणायचे किंवा सीईटी१ घसरू द्यायचा.

अ‍ॅप ज्याला ३८ टक्के म्हणतं, तो आकडा वाढीच्या वेगानुसार १० टक्के, शून्य किंवा उणे १४ असू शकतो. वाढीचा वेग आरओईच्या पुढे गेला की बँकेला बाहेरून भांडवल लागणारच, यातून कुणाची सुटका नाही.

कल्याणलोकल

मग वेगाने वाढणारी बँक टाळायची का? आपल्याकडच्या ज्या खासगी बँकांनी वर्षानुवर्षं वीस टक्क्यांनी कर्जं वाढवली, त्यांनीच तर भागधारकांना श्रीमंत केलं.

गुंतवणूकवेडी

माझं मत वेगळं आहे. उणे आकडा वाईट नसतो, उणे आकडा म्हणजे भूक. भूक चांगल्या कर्जांची असेल आणि नवीन शेअर बुक व्हॅल्यूच्या (एका शेअरमागच्या भांडवलाच्या) तिप्पट भावाने विकले जात असतील, तर जुन्या भागधारकाची बुक व्हॅल्यू क्यूआयपीमुळे वाढते. तेच भांडवल बुक व्हॅल्यूच्या खाली उभं करावं लागलं तर जुना भागधारक मरतो. आपल्या सरकारी बँकांच्या भागधारकांनी हे मागच्या दशकात पाहिलंय. म्हणून मी ताईंच्या गणितासोबत दोनच गोष्टी पाहते : आरओई भांडवलाच्या अपेक्षित परताव्यापेक्षा जास्त आहे का, आणि कर्जांची वाढ झाल्यावर दोन-तीन वर्षांनी, कर्जं मुरल्यावर, एनपीए किती निघाला.

जुना_लेजर

सहमत. फक्त एक जोडतो. मोकळं भांडवल असलं म्हणून ते मिळेलच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या परिपत्रकाने लाभांशाला नफ्याच्या ४० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली, तीही भांडवल आणि निव्वळ एनपीएच्या अटी पाळल्या तरच. आणि करोनाच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, मार्च २०२० अखेरच्या वर्षाच्या नफ्यातून बँकांनी लाभांश देऊ नये असा थेट आदेश आला. सबळ-दुबळ असा भेद केला नाही. ठेवीदाराच्या बाजूने तो योग्यच होता.

सीए_गोरेगाव

होल्डिंग कंपनीबद्दल आपल्याकडचा अनुभव लिहितो, कारण गटातल्या लोकांना तो जवळचा वाटेल. परवान्याच्या अटींमुळे आपल्याकडेही काही बँकांवर होल्डिंग कंपनी आली : इक्विटास, उज्जीवन, आयडीएफसी. वरची आणि खालची दोन्ही कंपन्या शेअर बाजारात. वरच्या कंपनीचा भाव तिच्याकडच्या बँकेच्या शेअर्सच्या किमतीपेक्षा कायम खाली असायचा. कारण वर न्यूजर्सीकरांनी सांगितलं तेच : वरच्या कंपनीच्या हातात येतो तो फक्त लाभांश, आणि वाढणारी तरुण बँक लाभांश देतच नाही. पालक कंपनीचा रोकड प्रवाह जवळपास कोरडा. शेवटी इक्विटास २०२३ मध्ये, उज्जीवन २०२४ मध्ये आणि आयडीएफसी १ ऑक्टोबर २०२४ ला आपापल्या बँकेत विलीन झाल्या, तेव्हा तो फरक मिटला.

परळ_ते_न्यूजर्सी

इथेही झायन्स बँकॉर्पोरेशनने २०१८ मध्ये स्वतःची होल्डिंग कंपनी बँकेत विलीन केली. त्यामुळे तिच्या बाबतीत पालक कंपनीचं वेगळं पत्रक शोधत बसू नका, शेअर थेट बँकेचाच आहे.

ठेवीदार_दादर

मुलाने त्याच्या पैशातून अशाच एका अमेरिकन कंपनीचे शेअर घेतलेत. त्याला हा धागा पाठवला. त्याने विचारलंय, लाभांश मोजताना काही कापून येतो का?

सीए_गोरेगाव

हो काकू. भारतीय रहिवाशाला अमेरिकन लाभांशावर करारानुसार २५ टक्के कर तिथेच कापला जातो. इथल्या विवरणपत्रात त्याची वजावट मिळते, त्यासाठीचा वेगळा फॉर्म मुदतीचं भान ठेवून भरायला सांगा. बायबॅकमधून कंपनीने दिलेले पैसे असे कापले जात नाहीत, त्यामुळे रिजनल बँका बायबॅक किती करतात हेही त्याने पाहावं.

गुंतवणूकवेडी

ताई, तुमच्या गणितात प्रेफर्ड शेअरचा (ज्यांना लाभांश साध्या भागधारकांच्या आधी मिळतो) लाभांश कुठे धरायचा? बऱ्याच रिजनल बँकांनी प्रेफर्ड काढलेले असतात.

ताळेबंद

नफ्यातून आधी वजा करायचा, मग उरलेल्यातून राखायचं भांडवल वजा करायचं. आपल्याकडच्या एटी१ रोख्यांचं (बँकेच्या भांडवलात मोजल्या जाणाऱ्या बेमुदत रोख्यांचं) व्याज नफ्यातून आधीच वजा झालंय का, ते टिपांमधून तपासावं, झालं नसेल तर तेही वजा करावं. रविवारी गटात दोन अमेरिकन आणि दोन आपल्या बँका घेऊन हा तक्ता भरणार आहे. झाला की इथेच टाकते.